तारेत ओवलेली पत्रे

रब्बीच्या पेरण्या होऊन महिना उलटला. ज्वारीची कोळपणी झाली, हरभऱ्याचे शेंडे खुडून झाले, गव्हाचे पाणी चालू आहे. रात्री मोठ्या झाल्या आहेत, आणि ज्यांच्या मोटारीला विजेची पाळी रात्रीची आहे त्यांना तर जागरण चुकत नाही. एक वाफा भरून पाणी दुसऱ्यात जाईपर्यंत बांधावर बसून राहावे लागते. तेवढ्या वेळासाठी या आठवड्यात खताची मात्रा किंवा औषधाचे प्रमाण न सांगता एक निराळेच काम सांगणार आहे. कोणाला तरी पत्र लिहा. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळते. ५० पैशांचे नाणे दुकानदार हातात धरत नाही ही अडचण खरी, म्हणून दोन कार्डे घ्या आणि दोघांना लिहा. बांधावर बॅटरीच्या उजेडात लिहिणे जमले नाही तरी मजकूर मनात जुळवता येतो. कागदावर उतरवायला सकाळ आहेच.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी आधी विहिरीची गोष्ट सांगतो.

आमच्या भागात एका शेतकऱ्याने गेल्या उन्हाळ्याआधी जुने मातीचे घर उतरवायला घेतले. माळवद काढताना खुंटीला लटकलेली पत्रांची तार सापडली. नव्या पिढीला ही तार माहीत नसेल. लोखंडी जाड तार, वरचे टोक आकड्यासारखे वळवलेले, खाली लाकडाची चकती. पत्र आले, वाचून झाले की त्याच्या मधोमध ही तार खुपसायची आणि पत्र खाली सरकवायचे. त्यामुळे सगळ्यांत जुने पत्र तळाशी आणि सगळ्यांत नवे वर. फायली लावायचे शिक्षण कोणी दिले नव्हते, पण सालवार कागद लागत गेले. या घरच्या तारेत आजोबांच्या नावची दोन-अडीचशे पत्रे होती. घरातल्या बारावीत शिकणाऱ्या नातीने ओट्यावर बसून ती एकेक करून वाचली आणि घरची, शेजारची माणसे ऐकत बसली.

मधल्या थरात १९७२ च्या दुष्काळातली कार्डे होती. आजोबांच्या मेहुण्याने लिहिलेली. जोंधळा नाही, लाल मिलोच्या भाकरी चालल्या आहेत, पोरांना सुकडी मिळते, आम्ही उभयता खडी फोडायला जातो, बैल विकले नाहीत पण चारा आठ दिवसांचाच आहे. चार ओळींत सगळे घर उभे राहते. त्याच्या वर, काही वर्षांनंतरचे, आजोबांच्या धाकट्या भावाचे एक आंतरदेशीय पत्र होते. हा भाऊ तेव्हा शेत सांभाळी आणि आजोबा कामाला शहरात होते. त्यात त्याने विहिरीचा हिशेब कळवला होता. ४२ फुटांवर उगवतीच्या कोपऱ्यातून पाणी लागले, खाली काळा पाषाण आहे, पुढे सुरुंगाला पैसा नाही म्हणून काम थांबवले, एवढा मजकूर.

आता गंमत पाहा. त्या घरात विहिरीची खरी खोली कोणालाच ठाऊक नव्हती. दोरी सोडून मापली तर ३० फूट भरे, म्हणून ती ३० फुटांचीच आहे असे सगळे धरून चालले होते आणि पाणी आटते म्हणून बोअर घेण्याची बोलणी सुरू होती. पत्र वाचल्यावर लक्षात आले की तळाशी दहा-बारा फूट गाळच बसलेला आहे आणि पाण्याचा झरा त्या गाळाखाली आहे. मे महिन्यात त्यांनी गाळ उपसला. तळ लागला तो पाषाणाचाच, आणि उगवतीच्या कोपऱ्यातला झरा मोकळा झाला. पाणी किती पुरेल ते पावसावर आहे, पण बोअरचा लाखाच्या घरातला खर्च तूर्त टळला. उपसलेला गाळ हलक्या रानात पसरला, तो फायदा निराळाच.

ही माहिती फोनवर सांगितली असती तर सांगणाऱ्याबरोबर आणि ऐकणाऱ्याबरोबर गेली असती. दोघेही आज हयात नाहीत.

पण पत्राचा खरा आनंद असा उपयोगापुरता नाही. त्या तारेवरची पत्रे वाचताना घरातल्या थोरल्या काकू मजकुरापेक्षा अक्षराकडेच बघत होत्या. अक्षर पाहूनच त्या सांगत, हे थोरल्या वन्संचे, हे मामांजींचे. मामांजींचे कार्ड म्हणजे मजकूर संपला तरी माणूस संपायचा नाही. जागा उरली नाही की कडेने उभे लिहायचे, मग वरच्या समासात उलटे, आणि शेवटी पत्त्याच्या बाजूला उरलेल्या बोटभर जागेत ‘तांबडी गाय व्याली, कालवड झाली’. शेवटच्या दोन-तीन पत्रांत त्यांचे अक्षर थरथरू लागलेले दिसते. ओळ खाली उतरते, वेलांटी भलतीकडे जाते. तब्येतीविषयी त्यांनी एक शब्द लिहिलेला नाही, उलट ‘माझी प्रकृती उत्तम आहे’ असेच लिहिले आहे. काकूंनी ते कार्ड बराच वेळ हातात धरून ठेवले होते.

छापील अक्षर सगळ्यांचे सारखे. हाताचे अक्षर ज्याचे त्याचे. घाईत लिहिलेले कळते, रागात लिहिलेले कळते. लिहून खोडलेला शब्द उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न आपण सगळ्यांनी केलेला आहे. खोडलेल्या जागी काय होते याची उत्सुकता उरलेल्या मजकुरापेक्षा जास्त.

पूर्वी पत्र लिहिणे हे एकट्याचे कामही नव्हते. आळीत एखादा सातवी-आठवीतला पोरगा असे, त्याला बोलावणे यायचे. आजीबाई सांगणार आणि तो लिहिणार. सुरुवात पाठच असायची: वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप’ की ‘चिरंजीव’ ते नात्याप्रमाणे, ‘इकडील सर्व क्षेम’, मग ‘पत्रास कारण की’. आजीबाई पाऊण तास बोलत आणि कार्डावर मावे त्यातले पाव. उरलेले त्या पोराच्या पोटात राहायचे. नाती, देणीघेणी, कोणाचे कोणाशी का बोलणे नाही, हे सगळे अशा पोरांना मोठ्यांच्या आधी कळलेले असे. पत्र आले की वाचून दाखवायचे कामही बहुधा पोस्टमनकडे. तार आली की मात्र वाचायच्या आतच घरात रडारड सुरू होई. ती तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तिच्याबद्दल हळहळणारा माणूस मला तरी आमच्या भागात भेटला नाही.

या सांगून लिहिण्याची एक दुखरी बाजूही आहे. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी पत्र धाडायचे तर ते शेजारच्या पोराकडून लिहून घ्यायचे, पोस्टात टाकायला दिराकडे द्यायचे, आणि तिकडे भाऊ ते सगळ्यांसमोर वाचणार. अशा पत्रात ती लिहून लिहून काय लिहिणार? ‘मी सुखरूप आहे, काळजी करू नये.’ मनातली गोष्ट लिहायची तर अक्षर आपले पाहिजे. आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांतले १८७७ चे पत्र जुन्नर भागातल्या ओतूरहून लिहिलेले आहे. दुष्काळाचे दिवस होते. गुरे जमिनीला टेकली आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, सावकारांनी काय चालवले आहे आणि सत्यशोधक मंडळी मदतीसाठी काय करत आहेत, हे सगळे त्यात आहे. घरच्या माणसाला लिहिलेले पत्र, पण दीडशे वर्षांनीही त्या भागाचा तो दुष्काळ त्यावरून डोळ्यांसमोर येतो. लिहायला शिकलेल्या एका बाईने तो लिहून ठेवला. माझ्या भगिनी वाचकांना एवढेच सुचवतो की बचत गटाचे इतिवृत्त ज्या हाताने लिहिता, त्याच हाताने एखादे पत्र बहिणीलाही लिहून पाहा.

फोनला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. गुलाबी बोंडअळी पत्राची वाट पाहत थांबत नाही आणि रात्री-अपरात्री सर्पदंश झाला तर फोनच कामाला येतो. पण फोनवर आपण काय बोलतो ते एकदा नीट ऐका. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘पाऊस आहे का?’ ‘आहे थोडा.’ ‘बरं, ठेवू?’ रोज बोलणे होते आणि बोलायचे तेवढे राहून जाते. विशेषतः बाप आणि मुलगा यांच्यात.

माझ्या ओळखीच्या एका घरात हेच चालले होते. मुलगा चाकणकडे कारखान्यात, वडील गावी साडेतीन एकर कोरडवाहूत. दर रविवारी फोन. त्या वर्षी कापसाला हातात काही आले नाही, बोअर घेतले ते कोरडे गेले, घरातले सोने गहाण पडले आणि वर एका खाजगी सावकाराचेही देणे झाले. मुलाला यातले काहीच माहीत नव्हते. दर रविवारी ‘सगळं बरं आहे’. विचारले तर आवाज चढवून वडील फोन आईकडे देत. आईही बोलायची नाही, कारण वडील शेजारीच बसलेले.

एक दिवस त्यांनी मुलाला पत्र लिहिले. का लिहिले ते मला ठाऊक नाही, मी विचारलेही नाही. मुलाने ते मला नंतर दाखवले, म्हणून मजकूर सांगू शकतो. वहीची दोन पाने. पहिले पान सगळे इकडचे-तिकडचे: म्हैस आटली, बांधावरची बाभूळ वाऱ्याने पडली, गावात कोणाचे लग्न ठरले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक ओळ लिहून खोडली आहे. पुन्हा लिहिली आहे, पुन्हा खोडली आहे. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा पुरी केली, आणि मग कोणाचे किती देणे ते आकड्यांसह एकाखाली एक मांडले. शेवटी, ‘रात्री झोप येत नाही. तुझ्या आईला हे पत्र लिहिल्याचे सांगू नये.’

मुलगा त्याच आठवड्यात रजा काढून आला. पुढचे सगळे गोड झाले असे सांगता येणार नाही. सावकाराचे देणे आधी फेडायचे म्हणून त्याने गाडीसाठी साठवलेले पैसे मोडले, बँकेत पीक कर्जाचे हप्ते पाडून घेतले, एक एकर जागा दोन वर्षांसाठी वाट्याने दिली. सोने अजून पूर्ण सुटलेले नाही. पण वडील झोपू लागले. मुलगा मला म्हणाला, ‘साहेब, फोनवर विचारलं असतं तर मला ओरडून गप्प केलं असतं. कागदावर ओरडता येत नाही.’

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असे साठून राहिलेले काही असेल तर तोंडाने सांगता येत नाही म्हणून पोटात ठेवू नका. कागद घ्या. पहिले पान म्हशीचे आणि बाभळीचे झाले तरी चालेल. आणि असे पत्र ज्याला येईल त्याने उत्तर लिहीत बसू नये, गाडी पकडावी.

आता आमच्या खात्याच्या पत्रांविषयी. मी नोकरीला लागलो तेव्हा शेतकऱ्यांची पत्रे कार्यालयात येत, पाकिटात रोगट पान घालून. हल्ली मोबाइलवर फोटो येतात. पाच फोटो, पाचही हललेले, खाली ‘साहेब औषध सांगा’. कोणते पीक, कधी पेरले, काही कळत नाही. त्या मानाने जुन्या पत्रांत निदान अर्धे झालेले असे. एका शेतकऱ्याचे भुईमुगाविषयीचे पत्र मला आठवते. आधी लिहिले होते, ‘भुईमूग पिवळा पडला आहे.’ त्यापुढे निराळ्या शाईत, ‘पिवळा म्हणजे कसा हे लिहू लागलो तर सांगता येईना, म्हणून सकाळी पुन्हा रानात जाऊन आलो. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आहेत, पानाच्या शिरा मात्र हिरव्या आहेत. बुडाकडची जुनी पाने ठीक आहेत. चुनखडीच्या पट्ट्यात जास्त आहे, खालच्या काळ्या रानात नाही.’ मला पान पाहायची गरजच उरली नाही. नत्र कमी पडले असते तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असती. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या आणि चुनखडीची जमीन, म्हणजे लोहाची कमतरता. फेरस सल्फेटच्या फवारणीचे प्रमाण उलटटपाली कळवले. निदान त्याचे त्यानेच केले होते. वाक्य पुरे होईना म्हणून तो रानात परत गेला, त्यातच सगळे आले.

शेतीविषयी पत्राने कारभार चालवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणसे आहेत पण बैल नाहीत, दाणे नाहीत, त्याला बैलाला पैसा आणि पोटाला दाणे दे, आणि ती रक्कम वाढीदिढी न लावता त्याला झेपेल तशी हळूहळू वसूल कर, असा त्याचा आशय. आम्हा सरकारी नोकरांच्या टेबलावरच्या काचेखाली हे पत्र असायला हवे. असो.

लिहायला बसायचे तर थाटमाट नको. मायने येत नसतील तर ‘प्रिय’ लिहा, किंवा नुसती ‘आई’ एवढी हाक पुरे. जुने मायने गोड आहेत, पण ‘गंगाभागीरथी’सारखा एखादा आता सोडून द्यावा, विधवा बाईला पत्राच्या पहिल्याच ओळीत तिचे दुःख आठवून देण्यात काय मान आहे? तारीख मात्र न चुकता घाला, आणि सालासकट. जुन्या पत्रांत नुसते ‘वद्य पंचमी, मंगळवार’ लिहिलेले सापडते आणि साल शोधताना डोके धरायची पाळी येते. पाऊस किती झाला, कोणते वाण पेरले, काय भाव लागला, कोण आजारी, कोणाकडे काय झाले, हे लिहा. शहरात राहणाऱ्या मुलांना हेच वाचायला हवे असते. नातवंडांकडून आजोबांना दोन ओळी लिहून घ्या; मोबाइलवर बोट फिरवणाऱ्या हाताला पेन धरायची सवय होईल, आणि चुका असलेले ते पत्र आजोबा खिशात घालून पारावर नेतील.

बॉलपेनने लिहिलेले टिकते. जेल पेनची शाई बहुधा पाण्याने पसरते, आणि पावसाळ्यात पोस्टमनची पिशवी कितीही झाकली तरी ओल लागतेच. आलेली पत्रे रबराने बांधू नका, रबर विरघळून कागदाला चिकटते; सुती दोऱ्याने बांधा. पत्र्याच्या डब्यात ठेवलीत तर वाळवीची भीती नाही. कसर लागू नये म्हणून धान्यात घालता तसाच कडुलिंबाचा पाला घाला, पण पुरता वाळलेला.

पत्त्यावर पिन कोड लिहायला विसरू नका. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानेच. एकाच नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. सहा आकडे नीट असतील तर पत्र भलत्या गावी जात नाही. आंतरदेशीय पत्राला अडीच रुपये पडतात, त्यात मजकूर झाकलेला राहतो. घरगुती पैशांच्या गोष्टी कार्डावर लिहू नयेत, ते वाटेत सगळे वाचतात. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळले आहे. कचेरीला अर्ज पाठवायचा आणि पोच हवी तर आता स्पीड पोस्टच करावे लागते. घरच्या पत्राला त्याची गरज नाही.

आणि मला पिकाचे पान पाठवणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाटेत कुजते. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये एक दिवस दाबून, सुकवून, मग पाकिटात घाला. एक रोगट पान आणि त्याच शेतातले एक निरोगी पान अशी दोन्ही हवीत. सोबत पेरणीची तारीख, वाण, दिलेले पाणी आणि आतापर्यंत मारलेली औषधे लिहा. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीचा विषय घेणार आहे. कोणाच्या रानात ती दिसू लागली असेल त्यांनी पत्राची वाट न पाहता सरळ कृषी सहायकाला गाठावे.